गिरणी अजून बंद

"मॅडम, सगळी भोकं बुजवली!"

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा कॉलेजचा पहिला दिवस. मी अजून पर्ससुद्धा टेबलावर ठेवली नव्हती आणि सुभेदार रेडेकर दारात ताठ उभे होते. चेहऱ्यावर इतका आनंद, की मला वाटलं यांच्या मुलीचं लग्न ठरलं.

"कसली भोकं, सुभेदार?"

"अडगळीतली, मॅडम. सगळ्या मशिनी जुन्या. इतक्या वर्षांत कुणी हात लावलेला नाही. पासवर्ड काय, तर एक दोन तीन चार! कुणीही यावं, आत शिरावं. सुट्टीत रोज आलो, एकेक मशीन घेतली, सगळं नवीन घातलं. दारं बंद, खिडक्या बंद. आता मुंगी शिरायची नाही आत."

मी खुर्चीत मटकन बसले.

"आणि कपाटात बॅकअपच्या डिस्का होत्या ना, त्यासुद्धा नव्यानं भरल्या. जुनं पुसून टाकलं. दोन ठिकाणी दोन प्रकार नकोत म्हटलं."

"सुभेदार," मी म्हटलं, "तुम्ही माझं वाटोळं केलंत हो!"

आता हे वाटोळं कसलं, ते सांगते. गडहिंग्लजच्या बाजूला आमचं इंजिनिअरिंग कॉलेज. आजूबाजूला ऊस, पुढं रस्ता, आणि मी कॉम्प्युटर शिकवायला. आमच्याकडं दर वर्षी 'कडीकोयंडा' नावाची स्पर्धा व्हायची. शेवटच्या वर्षाची पोरं कोडी घालायची. कोडं म्हणजे एखादी छोटीशी वेबसाइट, कधी दवाखान्याची, कधी तालमीची, कधी दूध डेअरीची. तिच्यात मुद्दाम एक भोक ठेवलेलं. बाकीच्या पोरांनी ते शोधून आत शिरायचं आणि आत दडवलेलं एक वाक्य बाहेर आणायचं. त्या वाक्याला म्हणायचं झेंडा. झेंडा गावला की हॉलमध्ये अशी आरडाओरड व्हायची, की बाहेरच्या रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. चोर कसा शिरतो ते कळल्याशिवाय कुलूप कुठं लावायचं ते कळत नाही, एवढं साधं त्यामागचं शिक्षण.

सुटलेली कोडी पूर्वी दुसऱ्या दिवशी पुसून टाकायचे. मला ते बघवायचं नाही. पोरांनी महिनोन्‌महिने डोकं चालवून केलेलं काम, आणि प्रॅक्टिकलला मशीन हवी म्हणून साफ! मी भांडून एक खोली मिळवली, भंगारात निघालेल्या मशिनी गोळा केल्या, आणि एकेका वर्षाची कोडी जशीच्या तशी जपून ठेवली. पोरांनी त्या खोलीचं नाव ठेवलं अडगळ. तिथं बसून पोरं शिकायची. पुण्यामुंबईच्या कॉलेजांकडं असतील भारी लॅबा, आमच्याकडं आमच्याच पोरांनी पाडलेली भोकं होती. आणि ती सुभेदारांनी प्रेमानं, चोख, एकूण एक बुजवली होती.

सुभेदार दौलत रेडेकर लष्करात सिग्नलमध्ये होते. निवृत्त होऊन त्याच वर्षी आमच्याकडं लॅब सांभाळायला आले होते. माणूस सोन्यासारखा. पण धूळ दिसली की पुसणार, वायर लोंबकळली की बांधणार, उघडं दिसलं की बंद करणार.

मी सगळं सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मुद्दाम ठेवलेली भोकं होती?"

"मुद्दाम! पोरांनी शिकावं म्हणून!"

"मग तसं दारावर लिहायचं होतं, मॅडम," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. तेही खरंच होतं, म्हणून मला आणखी राग आला.

बरं, शनिवारी कडीकोयंडा. त्याच आठवड्यात. मी डोकं धरून बसले, मग फोन धरून बसले. जुन्या पोरांना एकेक करून फोन लावले. 'बाबा रे, तुझ्या डेअरीत भोक कुठं होतं?' कुणी बेंगळुरूला मीटिंगमध्ये, कुणी दुबईत, एकीच्या मांडीवर तान्हं बाळ. सगळ्यांनी आधी पोट धरून हसून घेतलं आणि मग सांगितलं. मी कानाला फोन लावून बोलायचे आणि सुभेदार समोर बसून भोकं पाडायचे.

"आयुष्यभर भोकं बुजवत आलो," ते पुटपुटायचे, "आणि आता पेन्शनीत हा उद्योग."

"बोलू नका, पाडा."

जुनी कोडी अशी एकेक करून उघडली. राहिली फक्त गिरणी.

गिरणी अभिनंदन चौगुलेनं केली होती. लांबसडक पोरगा, कायम हसरा, वर्गात मागं बसून चिंचा खाणारा. त्याच्या वडिलांची गावात पिठाची गिरणी, म्हणून कोडंही गिरणीचंच. स्क्रीनवर नाव टाकायचं, धान्य निवडायचं, गहू, ज्वारी, नाचणी, भाजणी. वजन टाकायचं, की पट्ट्याचा फटफट आवाज येणार आणि तुमचं दळण डब्यात पडणार. बस्स. ह्यात शिरायला जागा कुठं आहे ते कुणालाही सापडलं नाही. पहिल्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. त्याला विचारलं तर म्हणायचा, "मॅडम, दळायला बसा की निवांत, सापडेल." आमच्यात रीतच तशी होती. कोडं घालणारा कुणालाही उत्तर सांगत नाही, मास्तरालाही नाही. झेंडा बरोबर की चूक, ते मशीन सांगायची.

कॉलेज सुटल्यावर वर्ष व्हायच्या आत अभिनंदन गेला. हायवेला, मोटरसायकलवर. पाठीवरच्या सॅकमधला लॅपटॉपही त्याच्याबरोबरच गेला. त्याचं म्हणून जे काही शिल्लक होतं ते आमच्या अडगळीत होतं, त्या एका मशीनवर.

आणि त्याची धाकटी बहीण स्वस्ति त्या वेळी आमच्याकडं शेवटच्या वर्षाला होती. चौगुले आमच्या भागात गावोगावी, त्यामुळं खालच्या वर्गातल्या पोरांना काही पत्ता नव्हता. तीही कुणाला सांगायची नाही. पहिल्या वर्षापासून रोज प्रॅक्टिकल संपलं की अडगळीत यायची, गिरणी उघडायची, एखादं दळण घालायची, थोडा वेळ बघत बसायची आणि बंद करून घरी जायची. बाकी सगळी कोडी तिनं फटाफट सोडवलेली. फक्त हे एकच नाही.

मी चिडवायचे तिला. "अगं, गिरणीवाल्याची लेक ना तू? कधी सुटणार तुला?"

"सुटेल की मॅडम. गडबड काय आहे?"

आता तिला सांगायचं कसं? मी गिरणीचा सगळा कोड वाचून काढला. धड होता, काही चूक नाही. म्हणजे भोक खालच्या कुठल्या तरी जुन्या सॉफ्टवेअरमध्ये असणार, आणि सुभेदारांनी खालचं सगळंच नवीन घातलेलं. आधी काय होतं, कोणतं होतं, काही टिपून ठेवलेलं नाही. अभिनंदनच्या सगळ्या दोस्तांना विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं.

मंगळवारी स्वस्ति नेहमीसारखी आली, मशीनसमोर बसली, दळण घातलं. बघितलं. पुन्हा घातलं. मग वळून माझ्याकडं बघितलं.

"मॅडम, ह्याला काय केलंय?"

मी सांगितलं. सुभेदार शेजारीच उभे होते, हात पाठीशी बांधून.

"बॅकअप?"

"तोही पुसलाय गं."

ती रडली असती तर मला सोसलं असतं. तिनं सॅक उचलली आणि गेली. बुधवारी आली नाही, गुरुवारी आली नाही. अभिनंदनची गिरणी आता नुसती चित्रातली गिरणी झाली होती. दळण पडणार, आवाज येणार, आणि शिकायला तिच्यात काहीच उरणार नाही.

सुभेदारांचं जेवण तुटलं. गुरुवारी दुपारी रजा टाकून ते तिच्या गावाला गेले. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून घरातून पिशवीभर गहू घेऊन गेले. शुक्रवारी सकाळी आले ते पीठ घेऊनच, थेट माझ्या टेबलाशी.

"माफी मागितलीत?"

"कुठली हो? बोलायचं काय तेच सुचेना. गिरणीवर तिचे वडील आणि ती. आधी कुणाची तरी नाचणी चाललेली. वडील म्हणाले, 'बसा, गव्हावर गहूच घालतो, नाहीतर तुमच्या चपात्या काळ्या होतील.' बसलो. माझा नंबर आला. पोरीनंच दळण घातलं, पिशवी भरून दिली. मी नुसता बघत राहिलो आणि दळण घेऊन परत आलो."

"ती काही बोलली?"

"निघताना म्हणाली, 'काका, उद्या येते.'"

आली. केसांत तेल, वेणी घट्ट, चेहरा झोप न झालेला. अडगळीत शिरली आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, तुम्ही बसा. काका, तुम्ही पण बसा. पण दोघांनी भिंतीकडं तोंड करायचं. इकडं बघायचं नाही."

मी विभागप्रमुख. ते सुभेदार. आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे खुर्च्या वळवून भिंतीकडं तोंड करून बसलो. मागं कीबोर्डचा टकटक आवाज. मध्येच ती स्वतःशी पुटपुटायची, "हे न्हवं, ह्याच्या आधीचं." मध्येच मशीन बंद करून चालू करायची. सुभेदारांना मान वळवायची इतकी हुक्की येत होती, की मी त्यांना कोपरखळी मारली.

शेवटी पट्ट्याचा फटफट आवाज आला. तिनं एक मोठा श्वास सोडला.

"झालं. चालू झाली."

"शाब्बास!" सुभेदार उठलेच. "देवा, सुटलो बाबा!"

मी मात्र तिच्याकडं बघत राहिले. माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता.

"स्वस्ति, भोक कुठं होतं ते ठाऊक नसताना तू ते परत पाडलंस कसं?"

ती खाली मान घालून ओढणीचं टोक पिरगाळत बसली.

"ठाऊक होतं, मॅडम."

"कधीपासून?"

"फस्ट इयरपास्नं. पहिल्याच आठवड्यात कळलं होतं मला."

"अगं मग झेंडा का नाही दिलास? इतकी वर्षं तू इथं येऊन..."

"सुटलं की यादीतनं काढून टाकतात ना?" ती म्हणाली. "कडीकोयंड्याला सुरुवातीलाच न सुटलेली कोडी वाचता तुम्ही. कोड्याचं नाव, कुणी घातलं त्याचं नाव, आणि मग सगळी पोरं मिळून ओरडतात, 'अजून बंद!' वर्षातनं एकदा तरी कुणीतरी दादाचं नाव मोठ्यानं घेतं, मॅडम. आमच्या घरात कुणी घेत नाही. आई घेत नाही, बाबा तर नाहीच नाही. नाव निघालं की ताटावरनं उठतात. मी सोडवलं असतं तर इथलंही बंद झालं असतं."

मला रडू आलं. लाज कसली त्यात? मी रडले. चिडवत होते ना मी तिला, गिरणीवाल्याची लेक म्हणून! आणि ही पोरगी रोज येऊन भावाच्या गिरणीत एक दळण घालून जात होती.

सुभेदार खिशातला रुमाल काढून स्वच्छ असलेला मॉनिटर पुसायला लागले.

"हे बघ," मी नाक पुसत म्हटलं, "मी काही पाहिलेलं नाही. झेंडा दिलेला नाहीस, म्हणजे कोडं सुटलेलं नाही. उद्या नाव वाचलं जाणार. सुभेदार, तुम्ही काही पाहिलंत?"

"भिंत पाहिली, मॅडम. रंग काढायला झालाय."

ती हसली. पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. जाताना दारात थांबली, मशीनकडं बघितलं आणि मग गेली.

शनिवारी हॉल गच्च भरलेला. न सुटलेली कोडी वाचायचं काम मी त्या वर्षी सुभेदारांना दिलं. आवाज परेडचा, माइकची गरज नाही. एकेक नाव घेत होते, पोरं बाकं बडवून 'अजून बंद' म्हणत होती.

"गिरणी!" सुभेदार म्हणाले. "अभिनंदन चौगुले!"

"अजून बंद!" हॉल दणाणला.

मी स्वस्तिकडं बघितलं. डोळे मिटून ऐकत होती. पूर्ण ऐकून घेतलं तिनं. मग उठली आणि पोरांच्या गर्दीतून वाट काढत पुढं आली.

"मॅडम, मला गिरणीचा झेंडा द्यायचाय."

"बस खाली," मी दबक्या आवाजात म्हटलं. "वेडी आहेस का? कालच बोललो ना आपण?"

"कालचंच डोक्यात आहे. मला एकटीला ठाऊक होतं म्हणून गिरणी वाचली. पुढच्या वर्षी मी इथं नाही. पुन्हा कुणी मशीन साफ केली तर?"

"मी आता हात लावत नाही गं बाळा," सुभेदार कळवळून म्हणाले.

"तुम्ही नाही काका, पण दुसरं कुणीतरी येईलच की. नाव वाचत राहतील आणि गिरणी कधीच मेलेली असेल, कुणाला कळणारपण नाही. दादानं ती कुणीतरी फोडावी म्हणून केली होती, मॅडम. माझ्यामुळं ती अडून राहिलीय."

मी बाजूला झाले.

तिनं सगळ्यांसमोर, मोठ्या पडद्यावर, दळण घातलं. नाव टाकलं, गहू निवडला, वजनाच्या जागी शून्य. पट्टा फटफटला, डब्यात पीठ पडलं, आणि पिठाबरोबर एक ओळ पडली.  ती ओळ होती: 'पीठ सांडू नका, आई ओरडते.'

एवढंच. पोरं हसत सुटली. इतकी वर्षं डोकी फोडली ती ह्यासाठी! स्वस्ति सगळ्यांत जास्त हसत होती, ओढणीनं डोळे पुसत, पुन्हा हसत. "अस्साच होता," ती मला म्हणाली, "अगदी अस्साच होता हो तो." सुभेदारांनी फळ्यावरच्या यादीत गिरणीपुढं लिहिलेलं 'अजून बंद' पुसलं. त्यांना पुसायला इतका वेळ लागलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

गिरणी परत अडगळीत गेली, आता सुटलेल्या कोड्यांच्या रांगेत. दारावर सुभेदारांनी स्वतःच्या हातानं पाटी रंगवून लावली, 'इथे काहीही दुरुस्त करू नये.'

सोमवारी पहिल्या वर्षाची पोरं अडगळीत पहिल्यांदाच बसणार होती. मी स्वस्तिला म्हटलं, "तूच शिकव." ती उभी राहिली, घसा साफ केला आणि विचारलं, "घरी दळण आणायला कोण कोण जातं?"

बरेच हात वर झाले.

"नाचणीवर गहू दळला तर काय होतं?"

"चपाती काळी होते!"

"का?"

"आधीचं पीठ राहिलेलं असतं की ताई आत!"

"तेच तर भोक आहे," ती म्हणाली. "हे जुनं सॉफ्टवेअर एक गिऱ्हाईक झालं की आतलं पुसून घेत नाही. आधीच्याचं थोडं मागं राहतं. ह्या गिरणीत मशीन चालू झाली की सगळ्यांत आधी मालक आपलं दळण दळतो. आता तुम्ही काहीच न घालता, नुसतं रिकामं दळण चालवलं, तर तुमच्या डब्यात कुणाचं पडेल?"

सगळा वर्ग एकदम ओरडला, "मालकाचं!"

"उद्या तुम्ही बँकेचं काम केलं, दवाखान्याचं केलं, तर एकाची माहिती दुसऱ्याच्या डब्यात पडता कामा नये. गिरणी झाडून घ्यायची. प्रत्येक वेळी."

सुभेदार दारात उभे होते, त्यांनी समाधानानं मान डोलावली. ही पोरगी इतक्या वर्षांत कुठल्याही वर्गात इतकं मोकळं बोललेली मी पाहिली नव्हती.

पुढच्या बाकावरच्या एका चुणचुणीत मुलीनं विचारलं, "ताई, हे केलंय कुणी?"

"माझ्या दादानं. अभिनंदन चौगुले."

"भारीच डोकं आहे की! काय करतोय आता दादा?"

 मी पुढं होणार होते, काहीतरी बोलून विषय बदलणार होते. स्वस्तिनं हातानंच मला थांबवलं.

"काय करतोय म्हणजे?" ती म्हणाली. "शिकवतोय की तुम्हाला. चल, ये पुढं, घाल दळण."